रिपोर्ट नॉर्मल, तरी पाठ दुखतेच: मानसिक आघात आणि जुनाट वेदना यांचं नातं काय?

भात कापणीचे दिवस. आजरा तालुक्यातल्या एका वाडीतली पन्नाशीची बाई सकाळी बांधावरून निघालेली असते. झुडपामागून गवा बाहेर पडतो. धडक बसते आणि ती खालच्या नाचणीत जाऊन पडते. दोन बरगड्या मोडतात, पाठीला मुका मार लागतो. आधी आजऱ्याचं ग्रामीण रुग्णालय, मग गडहिंग्लज, तिथून कोल्हापूरचं सीपीआर. दोन-अडीच महिन्यांत बरगड्या सांधतात. डॉक्टर म्हणतात, आता हळूहळू कामाला लागा.

पण दीड वर्ष झालं तरी पाठ धरलेलीच आहे. एक्स-रे झाला, एमआरआय झाला. 'मणक्यात थोडी गॅप आहे, पण वयाप्रमाणे असतेच,' असं सांगण्यात आलं. कंबरेचा पट्टा झाला, शेक झाला, इंजेक्शनं झाली, कुणीतरी सांगितलं म्हणून अंगाराही लावून झाला. घरातला सूर हळूहळू बदलला. 'रोपलावण आली की हिची कंबर बरोबर धरते,' असं जाऊबाई बोलून गेल्या.

एक गोष्ट मात्र तिनं कुणाला सांगितलेली नाही, कारण कुणी विचारलेलीच नाही. ती त्या बांधावरून पुन्हा एकदाही गेलेली नाही. रात्री गोठ्यात म्हैस जरा धडपडली तरी तिला घाम फुटतो. आणि पाठीत कळ आली की डोळ्यांसमोर तेच येतं: काळं अंग आणि मोजे घातल्यासारखे पांढरे पाय.

ही बाई काल्पनिक आहे, तिची परिस्थिती मात्र काल्पनिक नाही. आजरा, चंदगड, राधानगरीच्या पट्ट्यात गवा ही रोजची गोष्ट आहे. 2002 च्या सुमारास कर्नाटकातून दोडामार्गमार्गे सिंधुदुर्गात हत्ती आले आणि पुढच्या काही वर्षांत ते चंदगड-आजऱ्यातही फिरू लागले. संकेश्वर-बांदा रस्ता आजऱ्यातूनच जातो, म्हणजे अपघातही आले. जखम भरून आली, दुखणं मात्र राहिलं, असं म्हणणारी माणसं प्रत्येक दवाखान्याला माहीत असतात. त्यांच्यातल्या काहींचं दुखणं आणि त्यांची भीती या दोन वेगळ्या तक्रारी नसतात, एवढं मानसशास्त्राला आता बऱ्यापैकी ठाऊक आहे.

पीटीएसडी म्हणजे नुसती भीती नव्हे

पीटीएसडी, मराठीत आघातोत्तर तणाव विकार, हे नाव अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत 1980 साली आलं. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांमुळे त्याला जोर मिळाला, पण आजार फक्त सैनिकांचा नाही. जीवघेणा अपघात, हल्ला, बलात्कार, भूकंप, पूर, आपल्या माणसाचा डोळ्यांदेखत मृत्यू, यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं.

मोठ्या धक्क्यानंतर काही दिवस झोप उडणं, दचकणं, तेच तेच आठवणं हे साहजिक आहे. बहुतेकांचं ते काही आठवड्यांत ओसरतं. महिना उलटून गेला तरी ओसरत नसेल आणि रोजचं जगणं अडत असेल, तर पीटीएसडीचा विचार करतात. त्याची लक्षणं चार अंगांनी दिसतात. घटना आठवत नाही, ती पुन्हा घडते: स्वप्नात, किंवा भर दिवसा डोळ्यांसमोर. घटनेची आठवण करून देणाऱ्या जागा, माणसं, विषय टाळले जातात. मनाचा रंग बदलतो, 'माझंच चुकलं', 'आता कुठेच सुरक्षित नाही' असं वाटत राहतं, माया आटल्यासारखी होते. आणि शरीर सतत पहाऱ्यावर असतं: दचकणं, चिडचिड, झोप नाही.

आपल्याकडे याला 'भीती बसली', 'धसका घेतला', 'हाय खाल्ली' म्हणतात. हे शब्द वाईट नाहीत. उलट 'बसली' या क्रियापदात बरंच काही आलं: भीती आली आणि गेली नाही.

वेदना जुनी कधी होते?

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणतं. तीन महिनेच का? साधारण तेवढ्या काळात बहुतेक जखमा भरून येतात. त्यानंतरही दुखत असेल, तर वेदना जखमेची बातमी देते आहे की स्वतःच एक आजार झाली आहे, हे पाहावं लागतं.

इथे एक गैरसमज बाजूला ठेवायला हवा. आपण समजतो की शरीरात जेवढी मोडतोड, तेवढी वेदना. तसं नसतं. 2015 साली वॉलीद ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी पाठ अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या मणक्यांच्या स्कॅनवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. वीस वर्षांच्या 37 टक्के लोकांमध्ये गादीची झीज दिसत होती आणि ऐंशी वर्षांच्या 96 टक्क्यांमध्ये. म्हणजे 'मणक्यात गॅप' हे वाक्य ऐकून आपण जेवढे हादरतो, तेवढं हादरायचं कारण नाही. ती गॅप शेजारच्या न दुखणाऱ्या माणसाच्या पाठीतही असू शकते.

उलट बाजूही खरी आहे. मज्जारज्जू आणि मेंदू यांतून वेदनेचे संदेश जातात, तेव्हा ते जसेच्या तसे पुढे सरकत नाहीत, त्यांचा आवाज वाढवला किंवा कमी केला जातो. क्लिफर्ड वुल्फ यांनी 1983 मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगातून दाखवलं की दुखापतीनंतर मज्जारज्जूच जास्त संवेदनशील होऊ शकतो. मग साधा स्पर्श, साधा ताण हेही दुखायला लागतात. रेडिओचं बटण मोठ्या आवाजावर अडकावं, तसा हा प्रकार. रेडिओवर काय लागलंय याच्याशी आवाजाचा संबंध उरत नाही, आणि एमआरआयमध्ये ते बटण दिसत नाही.

दीडशे वर्षांपूर्वीचा 'रेल्वेचा कणा'

आघात आणि पाठदुखी यांची जोडी नवीन नाही. इंग्लंडमध्ये रेल्वे नवी होती तेव्हा अपघात फार होत. त्यातून वाचलेले, वरून धडधाकट दिसणारे प्रवासी काही दिवसांनी पाठदुखी, थकवा, निद्रानाश, भीती अशा तक्रारी घेऊन येत. जॉन एरिक एरिक्सन या शल्यविशारदांनी 1866 साली त्यावर पुस्तक लिहिलं. धक्क्यामुळे मज्जारज्जूला न दिसणारी इजा होते, असं त्यांचं म्हणणं होतं. लोकांनी या दुखण्याला 'रेल्वे स्पाइन' हे नाव दिलं.

मग प्रकरण कोर्टात गेलं, कारण प्रश्न नुकसानभरपाईचा होता. हर्बर्ट पेज हे एका रेल्वे कंपनीचेच डॉक्टर. त्यांनी 1883 मध्ये मांडलं की पुष्कळ रुग्णांमध्ये मज्जारज्जूला काही झालेलं नसतं, नुसती जबरदस्त भीतीही ही लक्षणं निर्माण करू शकते. कंपनीच्या सोयीचाच निष्कर्ष, पण त्यात एक मोठी गोष्ट दडलेली होती: भीतीने शरीर दुखू शकतं. कोर्टांनी आणि कंपन्यांनी मात्र त्यातून वेगळंच उचललं. भीतीने दुखतं म्हणजे खरं दुखत नाही, म्हणजे माणूस ढोंगी.

ही उडी तेव्हाही चुकीची होती आणि आजही आहे. आपल्या घराघरांत ती रोज मारली जाते.

दोन दुखणी एकमेकांना जागं ठेवतात

पीटीएसडी आणि जुनाट वेदना एकाच माणसात किती वेळा सापडतात? जीन बेकहॅम आणि सहकाऱ्यांनी 1997 साली पीटीएसडीचा उपचार घेणाऱ्या 129 अमेरिकी माजी सैनिकांची पाहणी केली, त्यात 80 टक्क्यांनी जुनाट वेदना असल्याचं सांगितलं. हा आकडा युद्धातल्या माणसांचा आहे. तो जसाच्या तसा आजऱ्याच्या शेतकऱ्याला लावता येणार नाही. पण दोन्हींची गाठ योगायोगापेक्षा खूप जास्त वेळा पडते, हे पुढच्या अनेक अभ्यासांत दिसत आलं.

का पडते, याचं सर्वांत उपयोगी उत्तर टिमोथी शार्प आणि ॲलिसन हार्वी या मानसशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये दिलं. दोन्ही आजार एकमेकांना पोसतात, एवढंच त्यांचं म्हणणं, पण कसे पोसतात हे त्यांनी नीट उलगडून दाखवलं. आपल्या बांधावरच्या बाईकडे परत जाऊन ते पाहू.

पहिली कडी म्हणजे आठवण. तिला गव्याची आठवण करून देणारी सगळ्यात पक्की वस्तू बांध नाही, जंगल नाही. तिची पाठच आहे. बांध टाळता येतो, पाठ कुठे टाळणार? कळ आली की प्रसंग जागा होतो. प्रसंग जागा झाला की छाती धडधडते, श्वास उथळ होतो, खांदे-मान-कंबर आवळली जाते. आवळलेले स्नायू तासन् तास सैल झाले नाहीत की ते स्वतःच दुखतात. मग पुन्हा कळ. चाक फिरत राहतं आणि कुठून सुरू झालं ते सांगता येत नाही.

दुसरी कडी लक्ष कुठे जातं याची. धोक्याच्या पहाऱ्यावर असलेलं मन बाहेर जसं कान टवकारून बसतं, तसंच आतही बसतं. पाठीत जरा चमकलं, पायाला मुंग्या आल्या, की ते लगेच टिपलं जातं. ज्या बारीकसारीक संवेदना बाकीच्यांना दिवसभरात कळतही नाहीत, त्या इथे बातमी होतात. त्यातच काहींना शरीरातल्या खळबळीचीच भीती वाटते. धडधड म्हणजे हार्ट ॲटॅक, कळ म्हणजे मणका सरकला. या स्वभावविशेषाला मानसशास्त्रात चिंता-संवेदनशीलता म्हणतात. गॉर्डन ॲसमंडसन आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये असं सुचवलं की काही माणसांमध्ये ही संवेदनशीलता आधीपासूनच जास्त असते. एकाच घटनेनंतर अशा माणसाला पीटीएसडीही होण्याची आणि वेदना टिकण्याचीही शक्यता मग वाढते. एकाच जीपच्या अपघातातून वाचलेल्या दोघांपैकी एक महिन्याभरात कामाला लागतो आणि दुसरा नाही, याचं थोडंसं उत्तर इथे आहे. दुसरा आळशी आहे, हे उत्तर नव्हे.

तिसरी कडी टाळण्याची, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी हीच. पीटीएसडीत माणूस आठवणी टाळतो, जुनाट वेदनेत हालचाल टाळतो. दोन्हींत ताबडतोब बरं वाटतं, म्हणून सवय लागते. वाकलं की दुखेल, म्हणून वाकायचं नाही. न वाकल्याने पाठीचे स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात, आणि मग खरंच थोडं वाकलं तरी दुखतं. झालं, भीतीला पुरावा मिळाला. शेतावर जाणं बंद, बाजाराला जाणं बंद, लग्नकार्याला जाणं बंद. माणसं भेटत नाहीत, हाताला काम नाही, मन खचतं. खचलेल्या मनाला तीच वेदना जास्त जड जाते.

झोपेचं वेगळं सांगायला हवं. दुःस्वप्नाने झोप मोडते, कुशीवर वळताना कळ आली की पुन्हा मोडते. झोप अपुरी झाली की वेदना सहन करण्याची ताकद कमी होते, हे निरोगी माणसांवरच्या प्रयोगांतही दिसलं आहे. कित्येक रुग्णांच्या बाबतीत मला वाटतं, चौकशी पाठीपासून न करता रात्रीपासून केली तर बरंच काही हाती लागेल.

भीतीच्या ऐन क्षणी दुखत कसं नाही?

इथे एक विचित्र गोष्ट आहे. बिबट्याने झडप घातलेला, अपघातात पाय मोडलेला माणूस अनेकदा सांगतो, 'त्या वेळी काही कळलंच नाही.' हेन्री बीचर हे अमेरिकी सैन्यातले डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर होते. गंभीर जखमी सैनिकांपैकी बरेच जण वेदनाशामक मागतच नाहीत, हे पाहून ते चक्रावले. 1946 मध्ये त्यांनी ते लिहून ठेवलं. संकटाच्या क्षणी मेंदू स्वतःचीच अफूसारखी रसायनं सोडतो आणि वेदना तात्पुरती दाबतो. पळायचं असेल तर आधी पळता आलं पाहिजे.

1990 मध्ये रॉजर पिटमन यांच्या गटाने व्हिएतनाममधल्या पीटीएसडी झालेल्या आठ माजी सैनिकांना युद्धाची दृश्यं दाखवली आणि आधी-नंतर त्यांना वेदना किती जाणवते ते मोजलं. दृश्यं पाहिल्यावर वेदना सुमारे 30 टक्क्यांनी कमी जाणवली. अफूसारख्या रसायनांचा परिणाम थांबवणारं औषध दिल्यावर मात्र ही घट दिसली नाही. प्रयोग छोटा आहे, आठच माणसं. पण त्यावरून कळतं की आघाताच्या आठवणीने वेदनेची यंत्रणा नुसती बिघडत नाही, ती दोन्ही टोकांना जाऊ शकते. ऐन भीतीत बधिर, आणि नंतर घरी खाटेवर पडल्यावर दुप्पट. असा रुग्ण बघणाऱ्याला ढोंगी वाटतो. 'परवा यात्रेत तर बरी होतीस की!' हे वाक्य ऐकलंय ना?

आणखी एक अभ्यास इथे सांगण्यासारखा. इराकमध्ये जखमी झालेल्या 696 अमेरिकी सैनिकांच्या नोंदी ट्रॉय हॉलब्रुक यांच्या गटाने तपासल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध केल्या. जखमेनंतर लगेच मॉर्फिन मिळालेल्यांमध्ये पुढे पीटीएसडीचं प्रमाण कमी होतं. यातून मॉर्फिन हे पीटीएसडीवरचं औषध ठरत नाही. पण सुरुवातीच्या तासांत वेदना नीट आटोक्यात आणणं ही मनाच्या दृष्टीनेही महत्त्वाची गोष्ट असू शकते, असा त्याचा रोख आहे. वाडीतून जखमी माणसाला जीपमध्ये घालून तासभर घाटरस्त्याने नेताना वेदनाशामक कधी मिळतं, याचा विचार आपण क्वचितच करतो.

किल्लारी

महाराष्ट्रात सामूहिक आघाताचा विषय गांभीर्याने सुरू झाला तो किल्लारीपासून. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि धाब्याची जड छपरं झोपलेल्यांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. त्यानंतर डॉ. मोहन आगाशे यांच्यासारख्या मानसोपचारतज्ज्ञांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचं काम आणि अभ्यास झाला. बहुतेकांना आगाशे नट म्हणून माहीत आहेत, पण हे कामही तेवढंच मोठं आहे.

आपत्तीनंतरच्या शिबिरात माणूस 'मला भीती वाटते' असं सांगत नाही. तो सांगतो, डोकं दुखतं, अंग ठणकतं, हातपाय गळाल्यासारखे वाटतात. ज्याची आई, बायको आणि मुलं एका रात्रीत गेली, त्याला 'मनाचं काय?' असा प्रश्न अपमानास्पदही वाटू शकतो. अंगदुखी सांगता येते, तिच्यावर गोळी मिळते, तिची लाज वाटत नाही. शिबिरात मिळालेली गोळी ठणका तात्पुरता थांबवते आणि मूळ गोष्ट तशीच राहते.

माळीण (2014), कोल्हापूर-सांगलीचा महापूर (2019), तळीये (2021), इर्शाळवाडी (2023). प्रत्येक वेळी ढिगारा उपसला, पंचनामे झाले, घरं बांधायच्या घोषणा झाल्या. सहा महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी त्या गावातल्या किती माणसांचं अंग दुखतंय, हे विचारायला कुणी जात नाही.

पंचनाम्यात न बसणारं दुखणं

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात वन विभागाकडून अर्थसाहाय्य मिळतं. मृत्यू, कायमचं अपंगत्व, गंभीर जखम, किरकोळ जखम अशी त्याची वर्गवारी आहे. भरलेली बरगडी आणि न भरलेली भीती घेऊन बसलेल्या बाईसाठी यात रकाना नाही. सरकारी कागदावर मोजता येईल तेच येणार, हे समजण्यासारखं आहे. पण त्यामुळे एक गोष्ट घडते: ज्याचं दुखणं कागदावर नाही, त्याला ते सतत सिद्ध करत बसावं लागतं. आणि ज्याला दुखणं रोज सिद्ध करावं लागतं, त्याला बरं होणं परवडत नाही.

बायकांच्या बाबतीत हे जास्त होतं. घरचं, गोठ्याचं आणि रानातलं काम करणारी बाई बसली की घर अडतं, म्हणून तिच्या दुखण्यावर संशय लवकर येतो. पुरुषांची तऱ्हा वेगळी. या भागातून पिढ्यान् पिढ्या माणसं फौजेत गेली आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावचं केंद्र इथून लांब नाही. रिटायर होऊन आलेला फौजी गुडघे आणि कंबर दुखते हे सांगेल, पण रात्री का जागतो हे सांगणार नाही. संध्याकाळची दारू दोन्हींवरचं औषध होऊन बसते. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण ती तुटक असते, आणि तुटक झोपेने वेदनेचं काय होतं ते वर आलंच आहे.

उपचार कुठून सुरू करायचा?

आधी एक स्पष्ट सांगायला हवं. प्रत्येक जुनी पाठदुखी आघातातून येत नाही, आणि पीटीएसडी झालेल्याला हाडाचा, नसेचा किंवा दुसरा आजार होणार नाही असंही नाही. पायातली ताकद कमी होणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, रात्री आराम करतानाही वाढत जाणारी वेदना, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर आणि तपासण्या. हे काही नसेल आणि तरी चार दवाखाने झाले असतील, तर पाचवा एमआरआय काढण्याआधी वेगळा प्रश्न विचारायला हवा.

पीटीएसडीसाठी सर्वांत चांगला आधार असलेले उपचार बोलण्याचे आहेत. प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञाबरोबर त्या प्रसंगाकडे सुरक्षितपणे, टप्प्याटप्प्याने पुन्हा जायचं असतं. ईएमडीआर ही आणखी एक पद्धत आहे. तिच्यात प्रसंग आठवताना डोळ्यांच्या विशिष्ट हालचाली करून घेतात. सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची औषधं पीटीएसडीतही वापरतात, तर ॲमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन जुनाट वेदनेत. डॉक्टरांनी पाठदुखीला 'डिप्रेशनची गोळी' दिली म्हणून रागावून ती फेकून देणारे पुष्कळ असतात. ही औषधं मज्जासंस्थेतल्या त्या आवाजाच्या बटणावर काम करतात, एवढं कुणी दोन मिनिटं समजावून सांगितलं तर पुष्कळ गोळ्या वाया जाणार नाहीत. झोपेच्या गोळ्या मात्र आघातानंतर लगेच सुरू करू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013 च्या मार्गदर्शनात म्हटलं आहे. दुकानातून आणून महिनोन् महिने खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्या जठर आणि मूत्रपिंड बिघडवतात, हे वेगळंच.

वेदनेच्या बाजूने उपचार म्हणजे हालचाल परत मिळवणं. बरं वाटेल त्या दिवशी सगळं काम उरकायचं आणि पुढचे चार दिवस खाटेवर, हा नेहमीचा घोळ. त्याऐवजी रोज ठरलेलं, थोडं, दुखो न दुखो तेवढंच, आणि दर आठवड्याला थोडी वाढ. फिजिओथेरपिस्ट हे नीट बसवून देतात.

दोन्ही बाजूंचा उपचार एकत्र असेल तर उत्तम. जिलियन शिफर्ड यांच्या गटाने 2003 मध्ये अपघातानंतर पीटीएसडी आणि जुनाट वेदना दोन्ही असलेल्या काही स्त्रियांवर फक्त पीटीएसडीचा उपचार केला. पीटीएसडी कमी झाला. वेदना स्वतः फारशी उतरली नाही, पण वेदनेमुळे अडलेलं रोजचं जगणं मोकळं झालं. अगदी छोटा अभ्यास आहे, तरी मला तो प्रामाणिक वाटतो, कारण तो चमत्काराचं आश्वासन देत नाही.

आजऱ्यासारख्या ठिकाणी या उपचारात एक खास अडचण आहे, ती पुस्तकात फारशी येत नाही. पीटीएसडीचा उपचार साधारणपणे असं गृहीत धरतो की धोका होऊन गेला, आता मनाला ते पटवायचं आहे. इथे धोका गेलेला नाही. गवा उद्याही त्याच बांधावर येऊ शकतो, हत्तीही. त्या बाईला 'घाबरू नको, आता काही होत नाही' असं सांगणं खोटं ठरेल. मग काम असं की उपयोगाची सावधगिरी आणि पसरलेली भीती वेगळी करायची. पहाटे अंधारात एकटीने रानात जायचं नाही, ही सावधगिरी. दुपारी चार बायकांबरोबरही जायचं नाही, अंगणातल्या कुत्र्याच्या आवाजाला घाम फुटतो, पाठीची प्रत्येक कळ म्हणजे पुन्हा धडक, ही पसरलेली भीती. पहिलं ठेवायचं, दुसऱ्यावर काम करायचं: आधी अंगणाच्या टोकापर्यंत, मग बांध दिसेल तिथपर्यंत, मग दीर किंवा मुलगा सोबत असताना बांधावर.

घरच्यांनी काय करायचं? 'खरंच दुखतंय का?' हा प्रश्न थांबवायचा, कारण दुखतंयच. आणि अती जपणंही थांबवायचं. हातातली घागर काढून घेणारा मुलगा प्रेमानेच वागत असतो, पण त्यातून आईला कळतं की घरातल्यांनाही आपली पाठ मोडकी वाटते. अर्धी घागर भरून द्यावी.

डॉक्टरांकडे जाताना दुखणं कधी सुरू झालं याबरोबर त्या सुमारास काय घडलं होतं, झोप कशी आहे, स्वप्नं पडतात का, कुठं जाणं सोडलं आहे, हेही सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, ओपीडीच्या रांगेत त्यांना विचारायला सुचेलच असं नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराची सोय असते, तेव्हा सीपीआरला गेलात तर त्या विभागाची चौकशी करा. माजी सैनिकांना ईसीएचएसमधून मानसोपचारही घेता येतो. आरोग्य विमा असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायचं असतं. आणि ज्यांना गावात कुणाला कळू द्यायचं नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा आहे. ती 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. नंबर 14416, फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीतून बोलता येतं. सुरुवात 'माझी पाठ दुखते' एवढ्यानं केली तरी चालेल.